मागची खोली

"मोठ्या घरात जायचं नाही, आहे तेच घर वाढवायचं," असं मुलानं जाहीर केलं, तेव्हा म्हाताऱ्या पोस्टमास्तरांचे डोळे भरून आले. ते नुकतेच दवाखान्यातून घरी आले होते आणि या वयात नव्या जागेची त्यांनी धास्तीच घेतली होती. गेलेल्या बायकोनं परसात लावलेला पेरू तोडायलाही त्यांनी आनंदानं होकार दिला. "पोरगा लाखात एक आहे माझा! बापाचा जीव कशात अडकलाय, ते न सांगता ओळखलं त्यानं," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले.

बघता बघता मागची खोली उभी राहिली. गवंड्यासाठी चहाचा कप घेऊन पोस्टमास्तर हळूहळू दारापर्यंत पोचले, तर आत गवंडी मुलाला विचारत होता, "साहेब, आजोबांची खोली आणि ही खोली मिळून एकच मोठा हॉल करायचा म्हणालात ना? मग मधली भिंत आजच पाडू का?"

 

मुलगा आवाज खाली आणून म्हणाला, "आज नको. डॉक्टर म्हणालेत, फार तर महिनाभर. तोवर तुम्ही लांबचं काम मात्र धरू नका."