पाण्याचे तुकडे

आखातात, अल नस्रमधल्या मुलाच्या फ्लॅटवर देवीदासरावांनी जेवणाच्या टेबलावर जुनं जिगसॉ मांडलं होतं. चित्र तळ्यांच्या एका बागेचं. अठराव्या शतकातला कुणी इंग्रज मंत्री राजकारणातून बदनाम होऊन घरी बसला आणि उरलेलं आयुष्य त्यानं त्या पाण्यात घातलं. पत्नी विजयालक्ष्मीबाईंनी ते खोकं तिथूनच, सहलीत घेतलं होतं.

दर दिवाळीत दोघं ते जुळवत. झाडं, पुतळे त्यांचे, पाणी तिचं. शेवटचा तुकडा ती मुठीत लपवायची. त्यांनी डोळे मिटून हात पुढे केला, की मगच द्यायची.

ती गेल्यावर चार वर्षांनी त्यांनी खोकं उघडलं. काठ जुळला, पण पाण्याला हात लावायचा धीर होईना.

तरी दुपारी झोपून उठावं, तर पाणी थोडं वाढलेलं असे. मधूनच सुरू केलेलं, तिच्या पद्धतीनं.

"आर्या, तू लावतेस का गं?" त्यांनी नातीला विचारलं.

"नॉट मी, आजोबा. यू डिड इट. यू फर्गेट एव्हरीथिंग."

विसरतही असू, त्यांना वाटलं. आपला काय भरवसा?

गुरुवारी तळं भरलं. एकच तुकडा कमी होता. खोक्यात, टेबलाखाली, कुठेच नव्हता. पाणी तीच येऊन लावते आणि तो बसला की तिचं येणं खलास, हे त्यांना उमगलं होतं. घरात कुणी नव्हतं. लाजत लाजत त्यांनी डोळे मिटले आणि हात पुढे केला.

तळहातावर तुकडा टेकला. तो ओला होता.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. बोटं अजून हातावरच होती.