धारेची वेळ

संयोगिताचे दोन्ही हात सुक्या भोपळ्यात होते. भोपळ्यात बसवलेल्या एम्बिराच्या लोखंडी पट्ट्या ती अंगठ्यांनी छेडत होती. झिंबाब्वेतलं हे शोना लोकांचं वाद्य शिकायला नवऱ्याकडून मागून घेतलेले दोन दिवस संपत आले होते. समोर कार्यशाळेतली तिची जोडीदार सलिमा त्याच चालीचा दुसरा पदर वाजवत होती. बावड्याच्या घरून नवऱ्याचा फोन आला. तिनं स्पीकर लावला. “म्हशीनं पान्हा चोरलाय. तुझ्याबिगर कुणाला जवळ करंना. ये लगीच.” “तास संपू द्या. फोन म्हशीच्या कानापाशी धरा,” म्हणत ती वाजवत राहिली. थोड्या वेळानं फोनमधून बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज आला. “सोडला की पान्हा,” नवरा खुशीत म्हणाला. “येताना ते घेऊनच ये. रोज दोन्ही वक्ताला हेच वाजवायचं.” कार्यशाळा संपली. सलिमानं वाजवणं थांबवलं. संयोगिताला मात्र वाजवणं थांबवून हात काढता येईना. फोनमध्ये धार अजून चालू होती.