पांढरी फाइल

"कालपर्यंत ॲप नीट चालत होतं. हिने नकाशाची लायब्ररी जोडली आणि सगळं बोंबललं," टिपणीस सर अख्ख्या टीमसमोर म्हणाले. त्यांच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर होता: मॉड्यूल सापडत नाही. "झेपत नसेल तर विचारावं माणसानं."

स्वरूपाला कंपनीत येऊन चारच महिने झाले होते. "सर, मी एकदा बघू का?" ती हळूच म्हणाली.

सर खुर्चीतून उठले नाहीत, नुसते जरासे सरकले. तिने वाकून उघडा प्रोजेक्ट बंद केला. फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली होत्या, एक निळ्या चिन्हाची, एक पांढऱ्या. बाहेरची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, जोडल्यावर निळी उघडून चालत नाही, आणि सरांनी सकाळी सवयीने तीच उघडली होती. तिने पांढरी उघडली. मिनिटभरात ॲप सुरू झालं, नकाशाही दिसला.

"काय चुकलं होतं गं?" मागून कुणीतरी विचारलं.

"माझंच. सरांना सांगायचं राहिलं."

चूक आपलीच, हे टिपणीसांना कळलं. खरं काय ते तिथेच सांगायला हवं होतं, पण ते स्क्रीनवरचा नकाशा उगाच पुढेमागे सरकवत राहिले.

जेवणाच्या सुट्टीत ते माफी मागायला तिच्या टेबलापाशी गेले. ती जागेवर नव्हती. मॉनिटरच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी होती, तिच्या पहिल्या आठवड्यात त्यांनीच लिहून दिलेली: 'लायब्ररी जोडलीस की पांढरी फाइल उघडायची. विसरू नकोस.'

डिंक सुटल्यावर तिने ती चिकटपट्टीने पुन्हा नीट लावून ठेवली होती.