कोऱ्या लुगड्याचा वास

“हे कोरं न्हाई,” मनकर्णाबाई म्हणाल्या आणि नाकाशी धरलेलं हिरवं लुगडं त्यांनी खाली ठेवलं.

कापडदुकानातल्या गाद्यांवर बसलेल्या चाळीस माणसांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. मनकर्णाबाईंच्या नातीच्या, अश्विनीच्या लग्नाचा बस्ता होता. दोन्हीकडची मंडळी तीन जीपा आणि एक टेम्पो भरून सोनईला आली होती. या घराची रीत अशी, की बस्त्यातलं पहिलं लुगडं घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईचं. तिने त्याचा वास घ्यायचा, मान हलवायची, मगच बाकीचं कापड निघायचं.

“आजी, आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत गठ्ठा फोडला की,” दुकानदार गहिनीनाथ म्हणाला.

“फोडला आसंल. वास कुठाय? कुनीतरी नेसून, धुऊन परत दिलेलं दिसतंय.”

विहीणबाईंनी लुगडं उचललं आणि बराच वेळ हुंगलं. मग मनकर्णाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “तसा... कमीच वाटतोय,” त्या म्हणाल्या. आत्याबाईंनी तर लांबूनच हुंगलं. “मला बाई अजिबातच न्हाई येत.” मनकर्णाबाईंच्या नाकाला आजवर कोणी खोटं पाडलेलं नव्हतं. कुणाच्या चुलीवर दूध लागलं, हे त्या चार घरांवरून सांगत.

त्यांचा स्वतःचा बस्ता बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली घोडेगावच्या बाजारात बांधला होता. बैलगाडीत गाठोडं मांडीवर घेऊन त्या घरी आल्या होत्या. खळीचा, कच्च्या रंगाचा तो वास वाटभर गाडीत होता. पहिलं पाणी लागेपर्यंत ती घडी त्या उशाशी घेऊन निजत. आणि आता? कोथिंबिरीला वास नाही, लोण्याला नाही, फोडणीतल्या लसणालाही नाही. गेली काही वर्षं त्यांचं हेच गाऱ्हाणं होतं. खतांनी वाट लावली, असं म्हणून घरचे मान डोलवत.

गहिनीनाथला घाम फुटला. तोही एसीत. तीन मजली दुकान त्याने नुकतंच बांधलं होतं आणि सगळ्या मजल्यांना मिळून एकच एसी बसवला होता. बाहेरची हवा ओढणारं त्याचं तोंड मात्र मागच्या कांद्याच्या वखारीकडे निघालं. वखारीत भिजलेला कांदा सडला आणि त्याचा वास गारेगार होऊन तिन्ही मजल्यांवर फिरला. गिऱ्हाईक पायरीवरूनच परत जाऊ लागलं. म्हणून परवा नगरहून सलमान मेस्त्रीला बोलावलं. त्याने एसीच्या मोठ्या पाइपात वास ओढणारं मशीन बसवलं, त्यात कोळशाची जाळी घातली, निळा दिवा लावला आणि वास गेला. गहिनीनाथने मशीनला नारळ वाढवला, हार घातला. त्यानंतरचा हा पहिलाच बस्ता. हा बस्ता उठून गेला, तर गहिनीनाथ जुनं कापड विकतो, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावोगाव पोचणार होती.

मनकर्णाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठू लागल्या. “रंगनाथ, चल. नगरला जाऊ.”

रंगनाथ आईच्या शब्दाबाहेर नव्हता. त्याने चपला शोधायला सुरुवात केली.

तेवढ्यात गहिनीनाथच्या डोक्यात उजेड पडला. “सलमान! अरे, तुझ्या मशीननं कापडाचा कोरेपणा खाल्ला!”

सलमान मशीन बघायला आला होता, तो जिन्यावरच थांबला. “शेठ, मशीन हवेतला वास ओढतंय. घडीतला कसा ओढंल?”

“त्याला काय कळतंय घडीतला कुठला अन् हवेतला कुठला? काढ ती जाळी!”

“शेठ, मागं कांदा हाय...”

“काढ म्हणतो ना! आजी, दोन मिनिटं बसा. हात जोडतो.”

सलमानने हार बाजूला केला, दिवा बंद केला, जाळी ओढून काढली. एसी चालूच होता. सगळे वर छताकडे बघत बसले.

आधी विहीणबाईंचा पदर नाकावर गेला. मग आत्याबाईंचा. नवरदेवाच्या मामांना उमासा आला आणि ते जिन्याकडे धावले. एक मूल रडायला लागलं. रंगनाथने टोपी काढून तोंडावर दाबली. गहिनीनाथ स्वतःच काउंटरमागे खाली बसला.

मनकर्णाबाई तेवढ्या मधोमध शांत बसल्या होत्या. त्यांनी एकेकाकडे निरखून पाहिलं. प्रत्येकाच्या नाकाला काहीतरी कळलं होतं. त्या जरा बावरल्या. मग त्यांनी हिरवं लुगडं हळूच मांडीवर घेतलं, त्यात तोंड खुपसलं आणि पोटभर श्वास घेतला.

“आला!” त्यांनी मोठ्याने सांगितलं. “आला बघा कोऱ्या लुगड्याचा वास!”

अश्विनी आजीकडे बघतच राहिली. तिला करोनातला तो ताप आठवला. आजी त्यातून बरी होऊन उठली होती आणि त्याच आठवड्यात घरातल्या कोथिंबिरीचा वास गेला होता.

मनकर्णाबाई तिच्याचकडे बघत होत्या. “तुला आला का गं?”

अश्विनीने नाकावरची ओढणी काढली, वाकून लुगड्याला नाक लावलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत श्वास घेतला.

“आला, आजी. बांधा शेठ बस्ता. आणि लवकर बांधा!”