साल असलेलंच
ललितला वाटे, आई आपल्या जेवणात इख, म्हणजे विष, कालवते. चार महिन्यांपासून तो साल असलेलंच खाऊन राहिला होता: केळी, उकडलेली अंडी, शेंगा. अकोल्याचे मामा खो-खो हसले, "माकडाचा उपास धरला का बे, भाशा?" राजापेठेतल्या समुपदेशक मॅडम मात्र हसल्या नाहीत. तीन भेटी त्यांनी नुसतं ऐकलं, चौथीला विचारलं, "हे तुम्ही कशावरून ओळखलं?" "वरन कडू लागे. अन् माही वाटी आई पयलेच वाढून ठेवे." मॅडम सोबत आलेल्या आईकडे वळल्या, "खरं का, काकू?" तिनं पिशवीतून बाटली काढली. "डाक्टरनं देलेल्या डोक्याच्या औषधाचे थेंब हायेत. हा घेतच नव्हता!" ललित ताडकन उठला. "सारे मले येडा म्हनत, अन् वरनात टाकून तूच राहिली होती!" त्यानं बाटली हिसकावली. "म्याडम, डाक्टरले म्हना, किती थेंब घ्याचे ते मले सांगा, आईले नोका सांगू!"