उचलण्याइतकं बळ

संजय बाथरूमच्या दारात पडला तेव्हा शर्मिलाचे केस अजून ओलेच होते. पोहण्याच्या तलावावरून येऊन तिने नुकता पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला होता. धप्प असा आवाज आला, मागोमाग बादली कलंडली. ती धावली. संजय उंबऱ्यावर आडवा पडला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. डावा हात अंगाखाली सापडला होता. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तो हात आणि तो पाय त्याच्या ताब्यात नव्हते. कमरेचा टॉवेल सुटला होता.

"लागलं का कुठे?"

त्याने मानेनेच नाही म्हटलं. तिने आधी टॉवेल नीट केला, मग हात सोडवला. डोकं, कंबर चाचपून पाहिली. दुखत कुठे नव्हतं.

तोवर सासूबाई आल्या. मुलाला तसं पाहून कांताबाई उभ्या उभ्याच वळल्या. खालच्या मजल्यावरच्या रंगरावांना घेऊन येते म्हणाल्या. शर्मिलाने थांबा म्हटलं, पण त्या चपला न घालताच जिन्याकडे गेल्या होत्या.

संजयने डोळे मिटून घेतले. मागच्या खेपेला रंगराव वॉचमनला आणि पार्किंगमधल्या दोघांना घेऊन आले होते. इकडून धरा, तिकडून घ्या करत त्यांनी त्याला कपाट हलवावं तसं हलवलं होतं. माणसं भली होती. पण त्यानंतर रंगराव चौकशीला आले की संजय भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा.

तो तसा पडला त्याच आठवड्यात शर्मिलाने वारज्याच्या तलावावर बायकांची सकाळची बॅच धरली. पोहायला ती माहेरी नदीत शिकली होती. बॅचमधल्या बहुतेकींना पोट कमी करायचं होतं. हिने शिकवणाऱ्या दीपालीला विचारलं, माणूस उचलायची ताकद कुठल्या स्ट्रोकने येते? दीपाली हसली. मग माणूस केवढा आहे ते विचारलं, आणि ऐकल्यावर हसायची थांबली.

शर्मिलाच्या मनात दोन्ही हात एकदम मारायचा बटरफ्लाय होता. तो मारणाऱ्यांचे खांदे तिने टीव्हीवर पाहिले होते. दीपालीने साफ नाही म्हटलं.

"एवढ्यात बटरफ्लाय केलात आणि खांदा धरला, तर घरात उचलायला दोन माणसं होतील."

उचलायचं ते मांड्यांनी आणि पाठीने, ती म्हणाली. म्हणून आधी फळी धरून ब्रेस्टस्ट्रोकचे नुसते पाय, मांड्या भरून येईपर्यंत. मग पाठीसाठी बॅकस्ट्रोक. दम वाढावा म्हणून फ्रीस्टाइल, तेही शेवटी. पावसाळा सरला, थंडी पडली, शर्मिलाने खाडा केला नाही. संजयला तिचं हे जाणं आवडत नव्हतं. ती परत आली की फक्त घड्याळाकडे बघायचा.

आता तिने प्लास्टिकचं बुटकं स्टूल ओढून त्याच्या मागे, जरा बाजूला ठेवलं.

"मी उचलते."

"तुला जमायचं नाही."

तिने ऐकलं नाही. त्याला बसतं केलं, मागून काखेत हात घालून छातीवर गुंफले, घाईने वाकली आणि हातांच्याच जोरावर ओढलं. संजय थोडा वर आला. तेवढ्यात ओल्या फरशीवर तिचा पाय सटकला. त्याचं डोकं चौकटीला आपटता आपटता राहिलं आणि दोघंही खाली बसली.

"सोड," तो म्हणाला. "येऊ दे रंगरावांना."

खाली दार उघडल्याचं ऐकू आलं. रंगरावांनी वॉचमनला हाक मारली. मग जिन्यात पावलं वाजायला लागली.

शर्मिलाने पायपुसणं ओढून पायाखाली घेतलं. त्याच्यामागे उकिडवी बसली, पाय फाकवले, पाठ ताठ केली. त्याचा चांगला पाय गुडघ्यात दुमडायला लावला.

"मी हूं म्हटलं की उजवा पाय रेटा. नुसतं ओझं होऊन बसू नका."

संजयने डोळे उघडले. आजारी पडल्यापासून त्याच्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

"हूं."

श्वास सोडत ती उठायला लागली. मांड्या थरथरल्या. क्षणभर काहीच हललं नाही. तिला वाटलं, हे आता पुन्हा खाली जाणार. तेवढ्यात त्याची उजवी टाच फरशीवर घट्ट रोवली गेली आणि अंग वर सरकलं. आणखी थोडं. तिने पायाने स्टूल त्याच्याखाली सारलं आणि तो त्यावर बसला.

पावलं खालच्या वळणापर्यंत आली होती. ती समोर आली. त्याचा उजवा हात स्वतःच्या गळ्यात घेतला, गुडघ्यांनी त्याचे गुडघे दाबून धरले आणि त्याला उभं करून वळली. पलंग जवळच होता. त्याला बसवून तिने त्याच्या मांडीवर चादर टाकली, डावा हात शर्टाच्या बाहीत घातला, मग उजवा. तेवढ्यात बेल वाजली.

दारात रंगराव आणि वॉचमन धापा टाकत उभे होते. त्यांच्यामागे कांताबाई, पदराने डोळे पुसत.

"वहिनी, साहेब पडले म्हणे? कुठे आहेत?" रंगरावांनी विचारलं.

"पडले होते," शर्मिला म्हणाली. तिने दाराची कडी धरून ठेवली होती. "उठले."

रंगरावांनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. संजय एका हाताने शर्टाची बटणं लावत होता. त्याला वेळ लागत होता. कुणी मदतीला पुढे झालं नाही. शेवटचं, गळ्याजवळचं बटण लागलं तेव्हा त्याने मान वर केली.

"बसा की रंगराव," तो म्हणाला. "चहा घेऊन जा."