भिजलेली मिरी

"आता सून येईल आणि आल्या आल्या हीच मागेल!" बायकोने मिरी दळायची लाकडी गिरणी माझ्यासमोर आदळली. सुनेने वाढदिवसाला दिलेली ती भेट हिने काल इतर भांड्यांसोबत नळाखाली धुतली होती. आत मिरपूड भिजून चिकटली होती. मूठ जागची हलत नव्हती.

"मी बघू का?" मी चाचरत विचारलं.

"पुस्तकं वाचून गिरणी फिरते होय?"

मलाही तीच शंका होती. तरी वरचा स्क्रू काढला, दात्यांतला चिखल जुन्या टूथब्रशने कोरला, सगळे भाग गॅलरीतल्या उन्हात वाळवले. मग कोरडे तांदूळ घालून दळले. आधी काळपट पीठ पडलं, मग पांढरंशुभ्र. शेवटी ताजी मिरी भरली.

संध्याकाळी सुनेने काकडीवर गिरणी धरली. मूठ झरझर फिरली, ताजी मिरी भुरभुरली आणि आम्ही तिघंही शिंकलो.

"अजून अगदी नवी ठेवलीत हो, आई!"

ही गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण पदर सावरत म्हणाली, "कसली नवी! मी पार वाट लावली होती तिची. ह्यांनी दुरुस्त केली. एकट्यांनी!"